वाद, जल्प आणि आजोबा

नववी ‘ब’ला आपलं म्हणणं पटवून द्यायला शिकवा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मावलं. सदाशिव पेठेतल्या मुलांना वाद घालायला शिकवायचं! सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरीची आणखी एक टपरी टाकावी, तसंच ते.

तरी फळ्यावर न्यायशास्त्राच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, पाच पायऱ्या लिहिल्या : प्रतिज्ञा (आपलं म्हणणं), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लावून दाखवणं), निगमन (निष्कर्ष). “पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर.”

“आमच्याकडे चिमणी आहे, सर,” पहिला बाक.

“आणि सिंहगडावर जुलैत दिसतं ते धुकं असतं,” शेवटचा बाक.

मी हरखलोच. धूर आहे की वाफ हेच नक्की नसेल, तर हेतू असिद्ध, म्हणजे कारणच सिद्ध झालेलं नाही. जुन्या नैयायिकांनी नेमकं हेच सांगितलंय! तसं मी म्हणालोही. पण त्या पोराला नैयायिकांशी देणंघेणं नव्हतं, त्याला घंटा होईपर्यंत वेळ काढायचा होता.

गृहपाठ दिला : घरातल्या एकाला एक गोष्ट पटवा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक आजोबा शाळेत. नातवाने त्यांना हेल्मेट घालायला सांगितलं होतं. उदाहरण माठाचं, आणि शब्दप्रमाण, म्हणजे अधिकारी वचनाचा पुरावा, म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. पोराने तयारी चोख केली होती, खोटं कशाला बोलू.

“माझ्या डोक्याला माठ म्हणतो!” आजोबा म्हणाले.

“मग तुमचं म्हणणं काय, काका?”

“माझं काहीच म्हणणं नाही. त्याचं चूक आहे, एवढंच.”

सत्य शोधायला बोलतात तो वाद, जिंकायला बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची पाडत राहायची, ती वितंडा. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे सूत्रात बांधून ठेवलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं कुणास ठाऊक. मधली सुट्टी संपली. माझा डबा उघडायचा राहिला.

शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढत होतो. आजोबा नातवाला घ्यायला आले होते. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग स्कूटरकडे.

“सर, प्रतिज्ञा डिकीत ठेवलीय वाटतं?”

नातू म्हणाला, “आजोबा, चला. सरांना लांब जायचं नसेल.”