आरडीवाल्या मावशीचे वीस रुपये

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आमच्या ओट्यावर आरडीवाली मावशी येते. कापडी पिशवीतून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढते, त्यातून आईचं कार्ड शोधते. आई तुरीच्या डाळीच्या डब्यातून पाचशेची नोट आणून देते. मावशी कार्डावर रक्कम लिहून सही करते आणि मग चहा होतो. आरडी म्हणजे पोस्टात दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, आणि महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची ती एजंट. त्या पाचशेवर तिला ४ टक्के, म्हणजे २० रुपये मिळतात. ते आईच्या पैशातून जात नाहीत, सरकार देतं. गावात तिची सत्तर कार्डं आहेत, म्हणजे महिन्याला १,४०० रुपयांच्या आसपास.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे विमा, म्युच्युअल फंड विकणाऱ्यांचं कमिशन बंदच करा, ज्याला सल्ला हवा त्याने फी मोजावी, ही मागणी सध्या बरेच शिकले-सवरलेले लोक करतात. त्यांचा राग मला पूर्ण समजतो. आमच्या घरानेच तो भोगलाय.

२०१३ च्या जून महिन्यात बाबा पीककर्जाच्या कामाला बँकेत गेले होते. तिथल्याच एकाने 'एफडीसारखंच आहे काका' म्हणत वर्षाला ३०,००० हप्त्याची विमा पॉलिसी त्यांच्या गळ्यात मारली. त्या काळी अशा पॉलिसीत पहिल्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता यायचं, म्हणजे दहा हजारांच्या वर. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन हप्ते भरले. २०१४ चं खरीप पावसाने दगा दिल्यामुळे गेलं, सोयाबीनला शेंगा धरल्या नाहीत, तिसरा हप्ता भरणं झालं नाही. तीन वर्षं भरले नसतील तर त्या काळी परत काही मिळत नसे, हे तेव्हा कळलं. साठ हजार गेले. बाबा त्यानंतर कितीतरी दिवस बँकेत एकटे जायला तयार नव्हते.

तरीसुद्धा मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. त्याला कारण माझे मामाजी.

१ डिसेंबर २०११ पासून सरकारने पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवरचं आणि पीपीएफवरचं एजंटचं कमिशन काढून टाकलं. अल्पबचत योजनांचा आढावा घेणाऱ्या श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशीनंतरचा हा निर्णय. कागदावर चांगलाच, सरकारचा खर्च वाचला. मामाजी पुढच्याच वर्षी शिक्षक म्हणून निवृत्त झाले. ज्येष्ठ नागरिक योजनेत तेव्हा ९.३ टक्के व्याज होतं, सरकारची हमी होती. त्याआधी दारव्ह्याहून एक जण यायचा, निवृत्त गुरुजींचे फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, पोस्टात सोबत जायचा. मामाजींनी त्याला निरोप धाडला. तो म्हणाला, "त्यात आता काही भेटत नाही गुरुजी, तुम्हीच जाऊन पाहा."

मामाजी एकदा गेले. पोस्टात गर्दी, फॉर्म कळेना, परत आले. त्यानंतर पंधरा दिवसांत दुसराच एक जण मोटारसायकलवर घरी आला. प्लॉट देतो किंवा पाच वर्षांत दुप्पट रक्कम देतो म्हणणाऱ्या कंपनीचा. तो ओट्यावर बसला, चहा प्याला, फॉर्म स्वतः भरून नेला. चार लाख. त्यातले आजवर परत काही आलेलं नाही.

मामाजी लोभी नव्हते. जो दारात आला, त्याला त्यांनी पैसे दिले. आपल्याकडे पैसा असाच जातो, चांगल्या जागीही आणि वाईट जागीही. चांगल्या योजनेचा माणूस येणं थांबलं की वाईट योजनेचा थांबत नाही. उलट त्याचं फावतं. तो ना सेबीचा, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांच्या नियामकाचा, नियम पाळतो, ना विमा नियामकाचा.

म्युच्युअल फंडातही थोडंफार हेच घडलं. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने २.२५ टक्क्यांपर्यंतचा एन्ट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापली जाणारी रक्कम, बंद केला. गुंतवणूकदाराचे पैसे वाचले, हे खरंच. पण विकणारे बरेच जण जिथे कमिशन शिल्लक होतं त्या युलिपकडे, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असणाऱ्या पॉलिसीकडे, वळले. त्याच वर्षी सरकारच्या डी. स्वरूप समितीने एप्रिल २०११ पासून सगळीकडचंच कमिशन काढायला सुचवलं होतं. ते झालं नाही. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं. तिथे सल्ला जास्त स्वच्छ झाला, सल्लागार जास्त शिकलेले आले. पण थोडी रक्कम असणाऱ्याला सल्ला परवडेना, आणि तीनच वर्षांत सरकारला त्यावर वेगळा अभ्यास करावा लागला. तिथे निदान इंटरनेटवर स्वतः वाचून निर्णय घेणारा वर्ग मोठा आहे. आमच्या आईला पासबुकावरची इंग्रजी वाचता येत नाही.

फी घेणारे, सेबीकडे नोंदलेले सल्लागार अख्ख्या देशात हजाराच्या आसपास. मी नागपुरात एकाकडे चौकशी केली. माणूस सरळ होता, वर्षाचे १२,००० सांगितले. चुकीचे नाहीत, त्याच्या शिक्षणाचे आहेत. पण ज्या घरात वर्षाकाठी मोठ्या मुश्किलीने वीस हजार मागे पडतात, ते घर बारा हजार फी कुठून देणार? आणि कापसाचा चुकारा हाती आल्याशिवाय त्या घरात नगद पैसाच नसतो.

मावशीचं एक काम कुठल्याच समितीच्या कागदावर येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये डवरणी, खत, फवारणी सुरू असते तेव्हा निम्म्या बायांकडे हप्त्याला पैसे नसतात. हप्ता चुकला की शंभरामागे एक रुपया दंड, आणि ओळीने चुकत गेले की खातंच बंद पडतं. मावशी ते हप्ते पदरचे भरते आणि दिवाळीनंतर कापूस विकला की परत घेते. व्याज लावत नाही. वीस रुपयांत हे कोणी करत नाही, पण वीस रुपये नसते तर ती आमच्या ओट्यावर आलीच नसती.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्याच वर्षी मोठा घास घेऊ देणारं कमिशन तोडा. म्युच्युअल फंडात २०१८ मध्ये तसं केलं, आता ग्राहक टिकला तरच थोडं थोडं मिळतं. २०१५ मध्ये सरकारची सुमित बोस समितीही याच अंगाने बोलली होती. विम्यातही तेच करा. एजंटला किती मिळाले ते पावतीवर रुपयांत, मराठीत छापा. टक्क्यांत नको, टक्के कोणाला समजत नाहीत. बाबांच्या पावतीवर 'एजंटला १०,५०० रुपये' असं लिहिलेलं असतं तर त्यांनी पेन खाली ठेवला असता, खात्री आहे मला. आणि थोड्या रकमेवर जास्त द्या. म्युच्युअल फंडात दरमहा हजाराच्या एसआयपीत वर्षाला बारा हजार जमतात, त्यावर एक टक्का म्हणजे १२० रुपये. यवतमाळहून आमच्या गावी एकदा यायचं-जायचं पेट्रोलसुद्धा त्यात होत नाही. मग कोण येईल?

जिल्ह्यातल्या मित्रांनो, रविवारी मी गावात असतो. कोणाच्या घरी नवी विमा पॉलिसी आली असेल आणि कागद हातात पडून ३० दिवस झाले नसतील, तर घेऊन या, आपण बसून वाचू. पटली नाही तर या मुदतीत परत करता येते, किरकोळ खर्च कापून पैसे मिळतात. बाबांच्या वेळी ही मुदत १५ दिवसांची होती. आम्हाला ते कळलं तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती.