रंग मॅडम सांगतील

स्पीकर मला हवे होते. ॲम्प्लिफायर माझा, माझ्या बोनसमधून घेतलेला. ऐकणारीही मीच. नवरा आला होता तो गाडी चालवायला आणि खोकी उचलायला. जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर यांतला फरक विचारला तर तो "एक मोठा, एक लहान" असं सांगतो आणि तेवढ्यावर त्याचं उत्तम चाललं आहे. तरी त्या गारेगार शोरूममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या सेल्समननं आमची वाटणी करून टाकली. "सर, तुम्ही इकडे या, साउंड ऐका. मॅडम, तुम्ही तोवर फिनिश बघून घ्या." आणि कड्यात ओवलेली रंगीत तुकड्यांची जुडी माझ्या हातात आली.

मी विचारलं, "सेन्सिटिव्हिटी किती?" म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठ्यानं वाजतो.

त्यानं नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, "शहाऐंशी डीबी, सर." सर तेव्हा एसीच्या झोताखाली कॉलर मागे ओढून उभे होते.

"हिला सांगा, मला काही कळत नाही," नवरा म्हणाला. सेल्समन कौतुकानं हसला. एवढं विनयशील गिऱ्हाईक त्याला बहुधा कधी भेटलं नसावं.

हाय-फायच्या दुनियेत या प्रकाराला रीतसर नाव आहे: वाइफ ॲक्सेप्टन्स फॅक्टर. इंग्रजी मासिकांतून हे १९८०च्या दशकापासून चालत आलंय. म्हणजे यंत्र नवऱ्याचं, दिवाणखाना बायकोचा, आणि तिनं नाक मुरडू नये म्हणून खोक्याला लाकडाचा मुलामा. ज्या घरात यंत्रच बायकोचं आहे तिथे कुठला फॅक्टर लावायचा, हे काही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता काका. काका टीव्हीच्या रिमोटचे सेल घ्यायला आले होते. सेल मिळाले होते, बिल झालं होतं, पण बाहेर ऊन होतं आणि आत सोफा होता. डेमोच्या खोलीत स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, जिथे मी बसायला हवं होतं, तिथे काका चपला काढून मांडी घालून बसले होते.

"काळा घेऊ नका," काका नवऱ्याला म्हणाले.

"का हो?"

"धूळ दिसते."

"मग पांढरा?"

"पिवळा पडतो."

"वॉलनट?"

"वाळवी लागते."

मला राहवेना. "काका, आत एमडीएफ आहे, लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. वर फक्त अर्ध्या मिलिमीटरचा लाकडाचा पापुद्रा."

"म्हणजे लाकूड नाहीच?" काका पुन्हा नवऱ्याकडे वळले. "अहो, फसवतायत तुम्हाला!"

मग ते उठले आणि बाजारात कलिंगड वाजवून बघतात तसा त्यांनी स्पीकर टकटक वाजवला. "पोकळ आहे."

"स्पीकर आहे काका. पोकळच असणार."

"आमचा मर्फी भरीव होता. शिसवी!"

खरं म्हणजे तेव्हाचे लाकडी रेडिओही बहुतेक प्लायवर व्हिनियर चिकटवलेलेच असायचे, आणि पोकळ नसते तर त्यांतून विविध भारती आली कुठून असती? भरीव लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. एमडीएफ त्या मानानं थंड डोक्याचं, म्हणून स्पीकरवाले तेच वापरतात. पण हे कुणाला सांगणार? काका तोवर रेडिओच्या लायसनवर पोचले होते. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे म्हणे, आणि ते काम वडिलांनी यांच्याकडे सोपवलेलं. त्यांच्या आईनं रेडिओला क्रोशाचा झालरवाला रुमाल विणला होता. तो थेट जाळीवर यायचा, त्यामुळे सगळे गायक नाकात गायचे, पण काढायची प्राज्ञा नव्हती. हे मात्र मला आवडलं, आणि आवडलं याचाच जास्त राग आला.

"घरचा फोटो आहे का मॅडम?" सेल्समननं विचारलं. "मॅचिंग बघता येईल."

मी उगाच फोन पुढे केला. तो त्यानं काकांना दिला. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि आमच्या घरात फिरायला निघाले. पडद्यांपाशी थांबले. "हे कुणी निवडले?" मग खिडकीजवळच्या खुर्चीवर गेले. तिच्यावर वाळलेले, घडी न घातलेले कपडे होते. "या खुर्चीवर कुणी बसत नाही वाटतं?" फोन गोदामातल्या पोऱ्याकडे गेला. त्यानंही खुर्ची बघितली.

मी म्हटलं, त्या खिडकीतून पश्चिमेचं ऊन येतं. उन्हानं वॉलनट हळूहळू फिका पडतो आणि चेरी गडद होते, म्हणजे एक स्पीकर उन्हात आणि एक सावलीत असला की जोडी विजोड. सेल्समननं मान डोलावली आणि नवऱ्याला विचारलं, "मग सर, पियानो ब्लॅक दाखवू?"

पियानो ब्लॅक म्हणजे आरसा. काकांनी त्यात बघून भांग नीट केला. स्पीकरवर त्यांच्या बोटांचे पाच ठसे उमटले.

आपलं रेकॉर्डिंग लावावं म्हणून मी पेन ड्राइव्ह काढला. त्यात एक जुनी ख्यालाची मैफल होती. डग्ग्याचा घुमारा मोकळा येतो की नुसता ढब्ब करतो, यावरून स्पीकरची निम्मी परीक्षा होते. सेल्समननं जाळी काढली, मैफल सुरू झाली, विलंबितात ठेका धरला गेला, आणि काकांनी वाकून "हे काय?" म्हणत ट्वीटरच्या रेशमी घुमटावर तर्जनी टेकवली. घुमट आत गेला आणि तिथेच राहिला.

मी ओरडले. सेल्समन मात्र शांतपणे चिकटपट्टी घेऊन आला, ती घुमटावर चिकटवली आणि ओढली. घुमट बाहेर आला, पण कपाळाला आठी घेऊनच. "डेमो पीस आहे मॅडम, काही होत नाही." काका म्हणाले, "म्हणून जाळी काढू नये."

मग खरा हिशेब निघाला. काळा ॲश तयार होता. वॉलनट हवा तर सहा आठवडे थांबा आणि साडेचार हजार जादा द्या. वूफर तोच, ट्वीटर तोच, आवाज तोच. नुसता पापुद्रा साडेचार हजारांचा! पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, "काळा आहे, घ्यायचा तर घ्या" एवढ्यावर व्यवहार झाला असता. इथे जुडी, फोटो, काका, सगळं होऊन काळाच. "अगदी वॉलनटच हवा असेल तर हा आत्ता न्या," सेल्समननं आठीवाला ट्वीटर दाखवला. "दहा टक्के लेस करतो."

मी काळा घेतला. कार्ड मी दिलं, पिन मी दाबला, आणि बिल नवऱ्याच्या नावानं, त्याच्याच मोबाइल नंबरावर निघालं. बदलून मागितलं तर सिस्टीममध्ये एन्ट्री गेली म्हणाले. आता वॉरंटीची नोंदणी करायची तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो मीटिंगमध्ये असतो. कस्टमर केअरला फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, सरांशी बोलणं होईल का?"