नराच्या हार्मोनचा रिसेप्टर ‘वाय’वर नसतो

सांगली-साताऱ्याच्या गोठेवाल्यांत एक मेसेज फिरतोय: “नराच्या हार्मोनचा रिसेप्टर वाय गुणसूत्रावर, मादीच्या हार्मोनचे एक्सवर. एका घराण्याचे रिसेप्टर एकाच जागी. म्हणून दूध आईकडूनच येतं, सीमेन कुठलंही भरा.”

रिसेप्टर म्हणजे हार्मोन झेलणारं पेशीचं प्रथिन. मेसेजमधलं वायचं म्हणणं साफ उलटं आहे. टेस्टोस्टेरॉन ज्याला चिकटतं त्या अँड्रोजेन रिसेप्टरचं जनुक गाय, म्हैस, माणूस, सगळ्यांत एक्सवर असतं. खिल्लार खोंडाला एक्स मिळतो तो आईकडून, म्हणजे त्याचा हा रिसेप्टरही आईनेच दिलेला. वायवर असतं ते वृषण घडवणारं एसआरवाय हे जनुक. गल्लत बहुधा तिथेच झाली.

मादीच्या हार्मोनचे म्हणावेत ते रिसेप्टर एक्सवर नाहीतच. इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर माणसात ६व्या, गाईत ९व्या गुणसूत्रावर. बीटा माणसात १४व्या, गाईत १०व्या. प्रोजेस्टेरॉनचा माणसात ११व्या, गाईत १५व्या.

‘एकाच जागी’ हे अर्धंच खरं. एफएसएच आणि एलएच (अंडाशय-वृषणांना चालना देणारे दोन हार्मोन) यांचे रिसेप्टर खरोखरच शेजारी आहेत: माणसात २ऱ्या, गाईत ११व्या गुणसूत्रावर. पण त्याच घराण्यातला टीएसएचचा (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनचा) गाईत १०व्यावर जाऊन बसलाय. अल्फा-बीटाची फारकत तर वर आलीच.

लॅबमध्येही इथे फसगत होते. फिश म्हणजे जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे ते चमकणाऱ्या प्रोबने (जनुकाला जुळणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने) दाखवणारी चाचणी. तिच्यासाठी रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं. रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन, ईडीटीए, कॅल्शियम बांधून टाकतं आणि पेशी नीट वाढत नाहीत. ३७ अंशांवर साधारण ७२ तास कल्चर, शेवटी पेशींचं विभाजन मध्येच थांबवणारं कोल्सेमिड, मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवायच्या आणि ३:१ मिथेनॉल-अॅसिटिक आम्लात फिक्स करायच्या. प्रोबसाठी जनुकाचा असा भाग घेतला, ज्यातून रिसेप्टरचा डीएनएला चिकटणारा, घराण्यात सगळीकडे सारखा असलेला तुकडा बनतो, की भावंडं जनुकंही चमकतात. वेगळा भाग निवडायचा आणि कमी मिठाच्या गरम द्रावणात धुवायचं. त्यात गाईच्या २९ अलिंगी (एक्स-वाय सोडून बाकीच्या) गुणसूत्रांच्या जोड्या सगळ्या एकटोकी, म्हणजे आवळलेली जागा एका टोकाला. नुसत्या लांबीवरून ९, १० आणि ११ ओळखायला गेलात तर चुकलात. बँडिंग, म्हणजे रंगवून दिसणारे पट्टे, हवेतच.

आता सीमेन. प्रोलॅक्टिन आणि ग्रोथ हार्मोन या दोन्हींचे रिसेप्टर गाईत २०व्या गुणसूत्रावर आहेत. कालवडीला एक प्रत गाईकडून, एक वळूकडून. ग्रोथ हार्मोन रिसेप्टरमध्ये २७९व्या जागी फेनिलअॅलनिनऐवजी टायरोसिन असेल तर दूध वाढतं, पण फॅट आणि प्रोटीनची टक्केवारी उतरते. डेअरीचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) ठरतो तिथे वळूकडून कोणती प्रत आली, हे दुधाच्या हिशेबाच्या पट्टीवर दिसतं.