भाचीचा निबंध आणि न वाचणारा तपासनीस

भाची जीआरई (परदेशात मास्टर्सला जायची परीक्षा) देतेय, काल तिनं सरावाचा निबंध वाचायला पाठवला. इंग्लिश एकदम चकाचक, पाच पॅरेग्राफ, प्रत्येकाच्या तोंडाशी 'तथापि', 'परिणामी' टाइपचा एक जड शब्द, आणि म्हणायचंय काय ते तीनदा वाचूनही कळेना. विचारलं तर म्हणते, "मामा, एक तपासनीस सॉफ्टवेअर असतं, त्याला लांबलचक आवडतं." घ्या!

चुकीचं काही नाही बोलली. जीआरईत माणसासोबत ई-रेटर नावाचं सॉफ्टवेअरही निबंध तपासतं, दोघांचं जुळलं नाही तर दुसरा माणूस बसवतात. आणि ही काही आत्ताची एआयची हवा नाही हां, एलिस पेज या अमेरिकन गृहस्थाने १९६६ मध्येच कॉम्प्युटरने निबंध तपासायचा घाट घातला होता. विचार चांगला की वाईट हे मशीनला कळणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून निबंध किती लांब, स्वल्पविराम किती, कमी वापरातले शब्द किती असलं मोजत बसायचं, कारण चांगल्या निबंधात हे सहसा असतंच. पण असतं म्हणून मोजलं, आणि आता मोजतात म्हणून पोरं घालतात!

अमेरिकेतल्या एमआयटीत लेखन शिकवलेले लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांना हाताशी धरून बेबल नावाचा प्रोग्राम बनवला. दोनतीन शब्द टाका, क्षणात निबंध तयार, व्याकरण शुद्ध आणि अर्थ शून्य. असल्या बडबडीला तपासणाऱ्या सॉफ्टवेअरांनी भरघोस मार्क दिले (मला हे वाचून आधी हसूच आलं, मग भाचीचा निबंध आठवला).

ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपन्यांचं म्हणणं, आमचे मार्क माणसांच्या मार्कांशी जुळतात. जुळतात, मान्य. पण मोठ्या परीक्षांत माणूस तरी कसा तपासतो, गठ्ठ्यातला एक निबंध, हातात दोनतीन मिनिटं, समोर छापील निकष, डोकं वापरायला जागाच नाही. म्हणजे आधी माणसाला मशीन केलं आणि मग मशीन माणसासारखं वागतं म्हणून टाळ्या. टेक्सासने २०२४ मध्ये शाळेच्या स्टार परीक्षेतली लेखी उत्तरं कॉम्प्युटरकडे दिली, साधारण पाव उत्तरंच परत माणसाकडे जाणार, तपासनीस सहा हजारांवरून दोन हजारांच्या आत. पैसा वाचतो, खरी गोष्ट एवढीच. ऑस्ट्रेलियात शाळांच्या नॅपलॅन परीक्षेला असंच करायचं चाललं होतं, शिक्षक अडून बसले, शिक्षणमंत्र्यांनी नको म्हटलं. थांबवता येतं म्हणजे.

भाचीला सांगितलं, ते 'परिणामी' राहू दे, पण मधले दोन पॅरेग्राफ काढ आणि तुला खरंच जे वाटतं ते चार वाक्यांत लिही. बराच वेळ टायपिंग दिसत होतं, मग मेसेज आला, "आणि लांबी कमी पडली तर?"