मोजमाप मुलांच्याच हाती असू द्या

शाळांमधल्या परसबागांवरचा लेख आवडला. मुलं स्वतः वाफे करतात आणि तीच भाजी दुपारच्या पोषण आहारात जाते, हे वाचून फार बरं वाटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून थोडी भर घालते.

आमच्याकडे सुरुवात झाली गळक्या नळापासून. सातवीतल्या एका मुलीने नळाखाली बादली ठेवली आणि तासाभराने मापून आली, जवळजवळ एक लिटर! म्हणजे दिवसाला २४ लिटर. फळ्यावर आकडा लिहिला तसा वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पोरं घरून वायसर घेऊनच आली. मग हात धुण्याचं पाणी चर खणून अळूकडे वळवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. पहिल्या दोन वेळा उतार चुकला, पाणी व्हरांड्यापाशीच तुंबलं. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. तिसऱ्यांदा पाणी अळूपर्यंत पोचलं तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो अजून कानात आहे.

लेखात एक गोष्ट मात्र राहिली, मे महिन्याची. राष्ट्रीय हरित सेना, म्हणजे शाळांमधली पर्यावरण मंडळं, २००१ मध्ये सुरू झाली, रोपं दरवर्षी लागतात, पण सुट्टीत त्यांना पाणी कोण घालणार? जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा नुसत्या काड्या दिसतात. आमच्या मुलांनी शाळेजवळच्या घरांच्या पाळ्या लावल्या, वही शाळेशेजारच्या आजींकडे ठेवली. गेल्या उन्हाळ्यात शेवग्याची चारही झाडं जगली. इतर शाळांनी सुट्टीत काय केलं, तेही कुणीतरी लिहा.