आदिवासी संस्कृती दाखवा, पण साडेसहाच्या आत घरी आणा

दिवाळीची सुट्टी संपली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर दोन विषय एकदमच येतात. एक सहलीचा, कारण शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. दुसरा उपक्रमाचा: 'आदिवासी व भटक्या समाजाच्या संस्कृतीची ओळख'. सातारा-सांगलीतल्या हुशार शाळा दोन्ही एकाच दिवसात उरकतात आणि वर प्रतापगड नि स्ट्रॉबेरीही बसवतात. तुमच्या शाळेला अजून ते साधलेलं नसेल, तर पुढचं नीट वाचा.

सगळ्यात आधी तारीख. डिसेंबरचा तिसरा आठवडा घ्या. थंडी असते, मुलांना ऊन लागत नाही आणि मुख्य म्हणजे कातकरी वाडीत कोणी नसतं. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडाला परततात. मागे दोन म्हाताऱ्या, चार कोंबड्या आणि दाराला लावलेलं कुडाचं ताटवं. अशी वाडी फार शिस्तीत बघता येते. मध्येच कोणी बोलत नाही, सरांनी सांगितलेलं कोणी खोडून काढत नाही. चुकून जुलैत गेलात, तर माणसं घरी असतील, खेकडे-रानभाज्या आणत असतील, आणि सहावीतलं एखादं पोरगं त्यांच्याबरोबर ओढ्याला जाऊन गुडघाभर चिखल घेऊन गाडीत बसेल. शिवाय काहीतरी शिकूनही येईल, ते वेगळंच.

धनगरांचंही तसंच. माण-फलटणकडचे मेंढ्यांचे वाडे, म्हणजे कळप घेऊन हिंडणारी कुटुंबं, दिवाळीनंतर निघतात, बरेचसे घाट उतरून कोकणात जातात. तेव्हा 'धनगरी जीवनदर्शन'साठी त्यांच्या गावी डिसेंबरातच जावं. देऊळ बघावं, भंडारा लावावा, निघावं.

आता रस्ता. इथे खरी सावधगिरी हवी, कारण जे बघायला तुम्ही ऐंशी किलोमीटर जाताय ते वाटेतच लागतं. कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर वाडीतली तीच माणसं कच्च्या विटा थापत असतात. उसाच्या फडाशेजारी तोडणीवाल्यांच्या खोपी असतात. त्यांच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा'. हे अपूर्णांक पाचवीच्या पुस्तकात नाहीत, म्हणून दाखवू नयेत. रिकाम्या रानात मेंढ्या बसवलेल्या असतात, लेंड्यांच्या खतापोटी शेतकरी धनगराला धान्य नाहीतर पैसे देतो. एवढा टप्पा संपेपर्यंत खिडक्या लावून घ्या आणि गाण्याच्या भेंड्या सुरू करा. 'ण' आला तरी थांबू नका. उलटीची गोळी मात्र घाटाच्या पायथ्याशी देऊ नका, निघायच्या अर्धा तास आधीच द्या. पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर दिलेली गोळी गोळीसकट बाहेर येते.

वेशभूषा हा सहलीचा आत्मा. प्रत्येक शाळेत चार मुलं 'आदिवासी' करायची पद्धत आहे. कंबरेला आंब्याची पानं बांधू नका, ती अकरा वाजेपर्यंत वळतात आणि दुपारी चुरा होतो. शाळेच्या कुंपणाला असतोच तो उभा अशोक वापरा, त्याची पानं संध्याकाळपर्यंत टिकतात. दोन पदरी सुतळीला देठ दुमडून स्टेपल करा, पिना बाहेरच्या बाजूला. तोंड काळं करायला बूट पॉलिश नको, पुरळ उठतं. काजळ खोबरेल तेलात कालवा. उतरवतानाही आधी तेलच लावा, नुसत्या साबणाने ते फक्त कानापर्यंत पसरतं. हातात भाला, तोंडात 'झिंगालाला हुर्र'. हे कोणत्या जमातीच्या भाषेतलं, असं कोणी विचारलं तर 'मूळ भाषेतलं' म्हणा. वाडीतली म्हातारी नऊवारी किंवा गुडघ्यावर कासोटा मारलेलं लुगडं नेसून, हातात मोबाइल घेऊन समोर उभी असेल, तर तिला फोटोच्या चौकटीबाहेर बसवा. मुलांचा गोंधळ होतो.

भिंतीवर वारली चित्र हवंच. वारली राहतात पालघर-डहाणूकडे, म्हणजे साताऱ्याच्या मुलाला ते पंजाबातल्या भांगड्याइतके जवळचे. पण गेरूवर पांढरा ॲक्रिलिक रंग सोपा पडतो. गोल फेर काढा, मध्ये तारपा काढा. तारपा वाळक्या भोपळ्याचा नि बांबूचा करतात वगैरे सांगत बसू नका, कोणी करून बघू म्हणेल.

माहिती सांगताना एक नियम पाळा: नाव सांगा, कारण नको. 'कात करणारे ते कातकरी' इथवर ठीक, मुलं वहीत लिहून घेतात. पुढे गेलात की फसलात. खैराच्या खोडातल्या लाल गाभ्याचे तुकडे करून तासन्‌तास उकळायचे, गाळायचे, काढा दाट झाला की थापून वड्या पाडायच्या, तो कात पानाच्या विड्यात जायचा, हे सांगितलं की हमखास एक हात वर येतो: 'मग आता का करत नाहीत?' आता त्याचं उत्तर देताना १८७८ चा जंगल कायदा येतो, राखीव वनं येतात, खैरावरचा हक्क गेल्यावर माणूस कोळशाच्या भट्टीवर आणि तिथून विटांच्या भट्टीवर कसा पोचला ते येतं. म्हणजे मघाशी ज्या खिडक्या लावून घेतल्या त्या उघडाव्या लागतात. त्यापेक्षा तो हात वर यायच्या आत भेळ वाटा. साठ मुलांना तीन किलो चुरमुरे पुरतात, कांदा आदल्या रात्री चिरू नका, वास मारतो.

कोयनेला थांबलात तर धरणाची उंची सांगा, १०३ मीटर. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही सांगा, मुलांना आवडतो. धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली काय आहे, हा विषय जलचरांपुरता ठेवा. वरच्या रानात गवळी-धनगर म्हशी घेऊन राहतात. ते आदिवासी का, असं एखाद्या चौकस मुलीने विचारलं तर पाणी प्यायला पाठवा. कारण सरकारी यादीत कातकरी अनुसूचित जमातीत, तेही महाराष्ट्रातल्या अतिमागास म्हणून वेगळ्या काढलेल्या तीन जमातींतले. धनगर भटक्या जमाती 'क'मध्ये. रामोशी विमुक्त जातीत. आणि जो अनुसूचित जमातीत नाही त्याने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीची पंचाहत्तर वर्षं, तीन पिढ्या तिथेच राहिल्याचा पुरावा द्यायचा. म्हणजे १९३० साली म्हशीमागे हिंडणाऱ्या पणजोबांनी पावती फाडून ठेवायला हवी होती. हे गणित वेळेत सुटत नाही. वाघ दिसतो का बघू म्हणा, २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहेच.

सांस्कृतिक कार्यक्रमाला तीन मिनिटं ठेवा. धनगरांच्या गजी नृत्याला ढोल, कैताळ आणि रंगीत रुमाल, मोबाइलवर छान दिसतं. ओवी गाणारे आणलेत तर मात्र आधीच सांगून ठेवा. सुंबरान, म्हणजे देवांच्या स्मरणाने सुरू होणारं त्यांचं ओवीगायन, मांडलं की रात्र सरते, तुमच्या तीन मिनिटांत फार तर देवांची नावं घेऊन होतात. मानधनाचं कलम सहलीच्या अंदाजपत्रकात नसतं, तेव्हा शाल-श्रीफळ द्या. ज्यांच्या घरच्या मेंढीची लोकर चिंचोक्याच्या खळीत ताणून घोंगडी होते, त्यांच्या खांद्यावर ही शाल घालताना जपून. लोकरीचा धागा जाळला तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरते, तुमच्या शालीचा वितळून मणी होतो. म्हातारं माणूस बोटांनीच ओळखतं, पण हार घालून घेतं.

हजेरी तीनदा घ्या: निघताना, जेवणानंतर, परतताना. इतिहासाचा एक धडा इथे फुकट शिकवता आला असता. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यात पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना ठरल्या वेळी अशीच हजेरी लागायची, वस्ती सोडायला पास लागायचा, आणि तो कायदा उठायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पण मुलं त्या वेळी कुरकुऱ्यांच्या रांगेत असतात.

परत आल्यावर अहवाल. तारीख-ठिकाण छापून येणारे सहा फोटो, 'फलनिष्पत्ती'च्या रकान्यात 'विद्यार्थ्यांना आदिवासी जीवनाची प्रत्यक्ष ओळख झाली'. सोमवारी पट उघडाल तेव्हा सहावी 'ब'मधल्या एका नावापुढे दिवाळीपासून 'सतत गैरहजर' लिहिलेलं असेल. आईबापांबरोबर भट्टीवर जाताना त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं होतं, म्हणजे तिथल्या शाळेने बसवून घेतलं असतं. कार्डं कपाटात आहेत, कोरी. घाबरू नका, अहवालात अडचण येत नाही. सहलीचे पैसे त्याने भरलेले नव्हते, त्यामुळे ज्या वाडीतल्या बंद दारापुढे गटाचा फोटो काढलात, तिथेही मोजणीत साठच्या साठ भरली.