मशीन लावलं नाही म्हणजे काहीच केलं नाही?

"डॉक्टरांनी मशीनसुद्धा लावलं नाही, नाकात थेंब देऊन घरी पाठवलं!" असं चिडून बोलणाऱ्या आईबाबांसाठी, आणि खास करून आज्यांसाठी, हे लिहितेय. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. नेब्युलायझरशी, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या त्या मशीनशी, माझं वैर नाही, रोज हाताळते.

पावसाळ्यात वर्षाच्या आतली बाळं घरघरत येतात. बऱ्याचदा तो ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांची सूज, असतो, आणि त्यामागे आरएसव्ही नावाचा विषाणू. दम्यात श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात, ते मशीनमधून देतात त्या साल्ब्युटामॉल या औषधाने सैल होतात. इथे मुख्य भानगड वेगळी: बारीक नळ्या आतून सुजतात, चिकट्याने भरतात. मग ते औषध देऊन बाळाचे ठोके तेवढे वाढतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय, या आजारात साल्ब्युटामॉल नको, अ‍ॅड्रिनलिन नको, स्टिरॉइडही नको. ३ टक्के सलाइनची (मिठाच्या पाण्याची) वाफ भरती असलेल्या बाळाला देऊन बघता येते, इतकंच. थेट विषाणूवरचं औषध फवारूनही झालंय. रिबाव्हिरिन, १९८५ साली तिकडे मंजूर झालं. रोज बारा-बारा तासांहून जास्त द्यायचं, किंमत अफाट, गुण यथातथाच, आणि गरोदर सिस्टरने त्या खोलीत जायचं नाही. आता ते सरसकट कुणी देत नाही.

आणि घरी वाफ देतात कशी, तेही पाहा. बाळ किंचाळतंय, बाबांनी डोकं धरलंय, मास्क तोंडापासून चार बोटं लांब. औषध जातं आईच्या ओढणीवर.

त्यापेक्षा पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब टाका, जरा थांबा, शेंबूड हलक्या हाताने ओढून घ्या. एवढीशी बाळं श्वास मुख्यतः नाकानेच घेतात. नाक मोकळं झालं की दूध ओढतात. थोडं थोडं, पण वारंवार पाजा. कापूर, निलगिरी बाळाच्या जवळपासही नको. (हो आजी, पुरचुंडीतलासुद्धा.) तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वात जास्त असतो, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

दम्याच्या मोठ्या मुलांचे पंप मात्र हे वाचून बंद करू नका, तो विषय निराळा.

बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध निम्म्यावर आलंय, ओठ निळसर दिसतात, श्वास मध्येच थांबतोय, यातलं काहीही दिसलं तर शेजारणीचं मशीन मागत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी ऑक्सिजन असलेलं हॉस्पिटल गाठा.